बाळंतपणातील पक्षाघात आणि मानेतली धमनी : पार्श्वभूमी

गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला पक्षाघात होतो, हे निरीक्षण जुने आहे. १८२८ मध्ये फ्रान्सचे प्रॉस्पर मेनिएर यांनी गरोदरपणात अर्धे अंग लुळे पडून वाचा गेल्याचे वर्णन केले आणि त्याच वर्षी एडिनबरोच्या जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी, प्रसूतीनंतर मेंदूतून रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये रक्त गोठून दगावलेल्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे दीर्घकाळ शिरांमधील गुठळी हेच अशा पक्षाघाताचे ठरलेले कारण मानले गेले, कारण जिवंत रुग्णाच्या धमन्या पाहण्याचे साधनच कुणापाशी नव्हते.

ते साधन १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी कॅरोटिड या, मानेतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून मिळवले. तरीही प्रसूतिविषयक समजूत बदलायला चार दशके लागली. १९६८ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांच्या अँजिओग्राफीवरून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अशा क्ष-किरण चित्रांवरून, दाखवून दिले की बहुतेकींमध्ये शीर नव्हे, धमनी बंद पडलेली असते.

धमनी बंद का पडते, याचे एक उत्तर डिसेक्शनमध्ये आहे. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली की रक्त भित्तिकेच्या थरांमध्ये शिरते, भित्तिका आतल्या बाजूला फुगून रक्ताची वाट अरुंद होते आणि चिरेजवळ तयार झालेली गुठळी सुटून मेंदूकडे जाते. मार लागल्याने असे घडल्याचा वृत्तान्त फ्रेंच शल्यचिकित्सक व्हर्न्यूल यांनी १८७२ मध्ये दिला होता. पण कसलीही इजा नसताना हे आपोआप घडते, याचे वर्णन १९५४ पर्यंत झाले नव्हते, आणि बॉस्टनच्या मिलर फिशर व ओजेमन यांच्या सत्तरच्या दशकातील लेखनानंतरच हा आजार डॉक्टरांच्या नित्य परिचयाचा झाला. पुढे एमआरआयमुळे भित्तिकेत साचलेले रक्त चंद्रकोरीच्या आकारात थेट दिसू लागले. या तपासणीत किरणोत्सर्ग नसल्याने गरोदर स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

बाळंतपणात अशी चीर पडण्यामागे प्रसूतीच्या वेळच्या कळा देणे हे कारण सहज सुचते. मात्र सिझेरियननंतरही डिसेक्शन झालेले असल्याने ते एकटे पुरे पडत नाही. संप्रेरकांमुळे सैलावणारी संयोजी ऊती (शरीराचे भाग बांधून ठेवणारी ऊती) आणि वाढलेला रक्तदाब यांचाही विचार करावा लागतो. धोक्याचा काळ कोणता, हे १९९६ मधील बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसराच्या अभ्यासाने स्पष्ट केले : मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण गरोदरपणात फारसे वाढलेले नव्हते, प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत मात्र ते सुमारे नऊपट होते. हाच काळ निदान निसटण्याचाही असतो. मानदुखीचे खापर बाळाला पाजताना अवघडून बसण्यावर फुटते, डोकेदुखीचे पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनवर. एका बाजूची पापणी जराशी उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली, तर कॅरोटिडच्या भित्तिकेलगत जाणाऱ्या मज्जातंतूंवर ताण आल्याची ती खूण असू शकते. जागरणाने थकलेल्या बाळंतिणीत या खुणेकडे कोण लक्ष देणार?

भारतातील चित्र थोडे निराळे आहे. मदुराईच्या १३५ रुग्णांवरील १९८३ च्या अभ्यासासह इथल्या अनेक नोंदींत बाळंतपणानंतरच्या शिरांमधील गुठळीला मोठे स्थान आहे आणि बाळंतिणीला पाणी कमी देण्याच्या प्रथेकडेही त्यासाठी बोट दाखवले गेले. त्यामुळे आपल्याकडे आधी शिरांचा संशय घेणे योग्यच आहे, पण तपासणी तिथेच थांबली तर मानेतली धमनी पाहायची राहून जाते.

उपचारांबाबत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डिसेक्शनच्या २५० रुग्णांवरील ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील चाचणीत, ॲस्पिरिनसारखी औषधे घेणाऱ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण फार कमी आढळले. गरोदर स्त्रीच्या बाबतीत निवड आणखी अरुंद होते : रक्त पातळ करणारे वॉर्फरिन वार (गर्भाला पोषण पुरवणारा गर्भाशयातला अवयव) ओलांडून गर्भाला अपाय करू शकते, म्हणून ते टाळून वार न ओलांडणारे हेपॅरिन वापरतात, तर प्रसूतीनंतर स्तनपान चालू ठेवूनही वॉर्फरिन देता येते.