युगसमाप्तीविषयक ख्रिस्ती श्रद्धा (कोल्हापूर)

बायबलमधील भविष्यवाण्यांच्या आधारे येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय आणि ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ यांविषयी धरलेली श्रद्धा. मुख्य आधार दानीएल व प्रकटीकरण ही पुस्तके, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय आणि थेस्सलनीकाकरांस पौलाचे पहिले पत्र.

संज्ञा : मत्तय २४:३ मध्ये शिष्य येशूला ‘युगाच्या समाप्ती’चे चिन्ह विचारतात. मूळ ग्रीक शब्द ‘आयोन’. मराठीत त्यासाठी ‘युग’ योजला गेला. कोल्हापुरात या शब्दामागे आधीच मोठी परंपरा उभी होती. प्रलयकाळी महालक्ष्मीने हे क्षेत्र आपल्या करांनी उचलून धरले, म्हणून ते ‘करवीर’, अशी एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. (तिला भाषाशास्त्रीय आधार मानू नये, पण लोकांच्या मनात प्रलयाचे चित्र कसे आहे, हे ती नेमके दाखवते.) प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आणि कलीनंतर पुन्हा कृतयुग, असे हे कालचक्र आहे. ख्रिस्ती युगसमाप्ती मात्र एकदाच घडणारी आहे. म्हणून ‘युग’ हा शब्द ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटतो आणि तिथेच चकवतो. याउलट थेस्सलनीकाकरांस पत्रातील (४:१७) ‘मेघारूढ’ हा शब्द अतिशय नेटका उतरला आहे. जिवंत उरलेले विश्वासी प्रभूला सामोरे जाण्यासाठी ‘मेघारूढ’ होऊन अंतराळात घेतले जातील, हे वाक्य अंत्यविधीत वाचले जाते तेव्हा अर्थ सांगावा लागत नाही.

कालनिर्णयाचे वाद : दानीएलचे पुस्तक परंपरेने इ. स. पू. सहाव्या शतकातले मानले जाते. बहुसंख्य आधुनिक अभ्यासक त्याचे आजचे रूप सिल्युसिड राजा अँटायोकस चौथा याने केलेल्या यहुद्यांच्या छळाच्या काळातले, इ. स. पू. १६५ च्या सुमाराचे समजतात. नवव्या अध्यायातील ‘सत्तर सप्तके’ म्हणजे ४९० वर्षे असे बहुतेक जण धरतात. ती यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या कोणत्या आज्ञेपासून मोजायची, यावर मतभेद आहेत.

प्रकटीकरणाबाबत वाद अधिक सूक्ष्म आहे. इ. स. १८० च्या सुमारास आरंभीच्या चर्चमधील बिशप इरेनियसने ते रोमन सम्राट डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस ‘दिसले’ असे लिहिले, त्यावरून इ. स. ९५ च्या आसपासचा काळ धरतात. पण त्याच्या ग्रीक क्रियापदाचा कर्ता दर्शन की ते पाहणारा योहान स्वतः, याबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. ते यरुशलेमच्या विध्वंसापूर्वीचा, म्हणजे इ. स. ७० पूर्वीचा काळ सुचवतात. नंतरचा काळ अधिक संभाव्य दिसतो. प्रकटीकरणातील देवविरोधी श्वापदाच्या ६६६ या संख्येचा (१३:१८) उलगडा दोन्ही पक्षांना बहुधा मान्य होतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते; ‘नेरोन कैसर’ (रोमन सम्राट नीरो) हे नाव त्या अक्षरांत लिहिले की ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० अशी बेरीज ६६६ येते. अखेरचा ‘न’ गाळला तर ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत हीच संख्या आढळते. इरेनियसला ती ठाऊक होती, त्याने ती नाकारली. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द मात्र प्रकटीकरणात कुठेच नाही, तो फक्त योहानाच्या पत्रांत येतो. प्रवचनांत श्वापद आणि ख्रिस्तविरोधक सर्रास एक केले जातात.

मतप्रवाह : प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील सहस्र वर्षांच्या राज्याआधी ख्रिस्त येईल, त्यानंतर येईल, किंवा ती वर्षे मंडळीच्या चालू काळाचे रूपक आहेत, अशी तीन मते. तिसऱ्याला प्राचीन चर्चमधील धर्मचिंतक ऑगस्टीनचा भक्कम आधार आहे. विश्वासी शेवटच्या काळातील महासंकटाआधी स्वर्गात उचलले जातील, ही शिकवण जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) याच्या लेखनातून पसरली. तिचे मूळ १८३० मधल्या स्कॉटलंडमधील एका तरुणीच्या दर्शनात शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. तो पुरेसा सिद्ध वाटत नाही.

कोल्हापूर : अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० च्या सुमारास त्यांचे मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने आहे. प्रेसबिटेरियन परंपरेची वेस्टमिन्स्टर मतघोषणा पुनरुत्थान व न्यायावर ठाम बोलते. तो दिवस मात्र ख्रिस्ताने अज्ञात ठेवला, कारण लोकांनी सदैव जागे राहावे, असे सांगते. तारखा काढण्याला या परंपरेत आधार नाही.

या श्रद्धेचा कोल्हापूरशी सर्वांत महत्त्वाचा धागा वायल्डर यांच्या पुत्राचा आहे. रॉबर्ट वायल्डर १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मले. १८८६ मध्ये अमेरिकेतील मौंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेची प्रतिज्ञा घेतली, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्यातून उभ्या राहिलेल्या स्वयंसेवक चळवळीने ‘या पिढीतच जगाला सुवार्ता’ हे ब्रीद घेतले. ते सामान्यतः अमेरिकन धर्मोपदेशक ए. टी. पिअर्सन यांचे मानतात. ख्रिस्ताचे पुनरागमन सहस्र वर्षांच्या राज्याआधी होईल, असे पिअर्सन मानत. साऱ्या राष्ट्रांत सुवार्ता गाजेल आणि मग शेवट होईल (मत्तय २४:१४), हे वचन या निकडीमागे होते. ब्रीद म्हणजे भाकीत, असा अर्थ टीकाकारांनी लावला. चळवळीचे पुढारी जॉन मॉट यांनी तो स्पष्टपणे नाकारला. मॉट यांचे म्हणणे ग्राह्य धरावे, कारण प्रतिज्ञेत तारीख नव्हती, जाण्याची तयारी होती.

आचार : नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिल्या येण्याची आठवण आणि दुसऱ्या येण्याची वाट त्यात एकत्र असते. प्रेषितांच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या प्राचीन जाहीर कबुलीत) ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास येईल, हे मंडळी उभी राहून म्हणते.