गिट्टीखदान, सहा मीटरचा कायदा आणि छातीतली धूळ

गिट्टीखदान म्हटलं की नागपूरकराला काटोल रोड आठवतो, पोलीस स्टेशन आठवतं, फार तर संध्याकाळचा ट्रॅफिक. नावातच खदान आहे हे आता कोणाच्या डोक्यातही येत नाही. गिट्टी मात्र थांबली नाही, ती उमरेड रोडला पाचगावकडे आणि अजून कुठं कुठं सरकली.

आमच्या ओळखीतले एक काका अशाच एका खदानीत वीसेक वर्षं होते, आधी घन मारायचे, नंतर क्रशरवर. त्यांच्या पलंगाखाली एक्सरेच्या लिफाफ्यांचा गठ्ठा आहे आणि जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर टीबी लिहिलंय. दोनदा पूर्ण कोर्स झाला, बेडका तपासला की निगेटिव्ह, तरी पुन्हा गोळ्या सुरू, आणि दम लागणं काही कमी होईना. इतक्या डॉक्टरांत एकानंही विचारलं नाही की काका, तुम्ही काम काय करत होता? तिथून मी हा विषय वाचायला लागलो.

आधी दगडाचं सांगतो. नागपूर बसलंय दोन दगडांच्या सांध्यावर. पश्चिमेकडे काळा बसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, आणि पूर्वेकडे गेलं की जुना नाईस खडक, वर कामठीचा वाळूखडक, ज्याला भूगर्भवाल्यांनी नावच कामठी दिलंय. बसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीतली सिलिका, कमी असतो, नाईस आणि वाळूखडकात भरपूर. म्हणजे दोन खदानीतली माणसं सारखाच घाम गाळतात पण छातीत जाते ती धूळ सारखी नसते.

आणि जी धूळ दिसते ती खरं तर बरी, ती नाकात अडकते, शेंबडातून निघून जाते. घात करते ती न दिसणारी, साधारण पाच मायक्रॉनच्या आतली. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा धरा, त्यावरून समजेल. ही फुफ्फुसाच्या पार तळाशी जाऊन बसते, तिथल्या पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, मग त्या जागी व्रणासारखे गठ्ठे तयार होतात. हाच सिलिकोसिस. बहुतेकांना दहा वर्षांच्या वर लागतात, धूळ फार असली तर त्याच्या आधीच. झालेलं फुफ्फुस परत येत नाही, औषध नाही. वरून सिलिकोसिसवाल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून कधी कधी दोन्ही असतात आणि कागदावर एकच लिहिलं जातं.

गंमत म्हणजे (गंमत कसली बाप्पा) मशीन आल्यावर हे वाढलं. हातानं गिट्टी फोडायची तेव्हा कपच्या उडायच्या, डोळा जायचा, बोटं चेचायची, पण तो चुरा जाडा होता. दगड जबड्यात चिरडणारा जॉ क्रशर आणि कोरड्या दगडात चालणारा जॅकहॅमर आला तशी बारीक धूळ आली, आणि जखमा बोटांवरून पट्ट्यात अडकणाऱ्या हातांवर गेल्या. छिद्र पाडताना पाणी सोडलं तर धूळ बरीच दबते हे शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत माहीत होतं. तिथल्याच जोहान्सबर्गला १९३० साली सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, छातीचे एक्सरे कसे वाचायचे याची पद्धतही तिथूनच पुढे बसत गेली. आपल्याकडे पहिली नोंद १९३४ ची, कोलारच्या सोन्याच्या खाणीतली. पुढे चाळीसच्या दशकात तिथल्या हजारो कामगारांची तपासणी झाली तर चाळीस टक्क्यांच्या वर लोकांना हा आजार निघाला. म्हणजे स्वातंत्र्याआधीच सरकारला पक्कं ठाऊक होतं.

मग कायदे आले. १९२३ चा नुकसानभरपाईचा होताच, १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट आला, त्यात सिलिकोसिस हा कळवायचाच आजार, डॉक्टरला पेशंट सापडला तर मुख्य कारखाना निरीक्षकाला लिहून द्यायचं, नाही दिलं तर दंड, आणि तो दंड पुढे वाढवून वाढवून हजार रुपयांपर्यंत. १९५२ चा माइन्स अ‍ॅक्ट आला, त्याच्या नियमांत नोकरीला लागताना आणि नंतर दर पाच वर्षांनी मेडिकल. कागदावर छानच.

पण त्याच माइन्स अ‍ॅक्टमध्ये कलम तीन होतं. मुरूम, बोल्डर, इमारतीचा दगड, रोड मेटल म्हणजे रस्त्याची खडी, चुनखडी अशा उघड्या खदानीची खोली कुठंही सहा मीटरच्या वर नसेल, कोणत्याही दिवशी पन्नासच्या वर माणसं नसतील आणि सुरुंग लागत नसेल, तर कायद्यातलं बरंचसं लागूच होत नसे. आता ज्यानं एकदा तरी खदान पाहिली तो सांगेल, कागदावरची खोली नेहमी सहाच्या आत असते आणि माणसं नेहमी पन्नासच्या आत, बाकीची ठेकेदाराची, मस्टरवर नसलेली. मला विचाराल तर सगळा इतिहास या एका कलमात आहे, आजार सगळ्यांना सारखा पण रोगी म्हणून मोजला जाणार कोण हे खोलीवर ठरलं.

सिमेंटचं थोडं वेगळं. सत्तर-ऐंशीच्या दशकात घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर या पट्ट्यात चुनखडीच्या जोरावर प्लांट उभे झाले आणि आपल्याकडची बरीच पोरं तिकडे गेली. तयार सिमेंटमध्ये क्वार्ट्झ फार नसतो, तिथले त्रास दुसरे. ओलं सिमेंट जहाल अल्कली, बुटात गेलं तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते, दुखतं ते उशिरा म्हणून लोकं काम करत राहतात. त्यातल्या क्रोमियमनं हाताला असा इसब होतो की एकदा अ‍ॅलर्जी बसली की नुसत्या थोड्या संपर्कानंही उठतो. डेन्मार्कनं १९८३ पासून फेरस सल्फेट मिसळून हा क्रोमियम निकामी करायला लावला, युरोपनं २००५ पासून मर्यादाच घातली. मग पॅकिंगवाले, पन्नास किलोची बोरी दिवसभर, कंबर पस्तिशीतच जाते, आणि शिफ्ट सुटली की कंप्रेसरच्या हवेनं अंगावरची धूळ उडवायची, म्हणजे उडालेली पुन्हा नाकात. सगळ्यात भयंकर प्रीहीटरचं, म्हणजे भट्टीत जाण्याआधी माल तापवायचा मनोरा. त्यातला सायक्लोन, म्हणजे नरसाळ्यासारखं भांडं, जाम झाला की तो मोकळा करताना आतला तापलेला माल एकदम पाण्यासारखा अंगावर येतो.

भोपाळ झाल्यावर १९८७ मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्ट सुधारला, धोकादायक उद्योगांच्या यादीत सिमेंट आलं, वर्षाच्या आत एकदा तपासणी आणि कामगाराला स्वतःचा आरोग्याचा रेकॉर्ड पाहायचा हक्क आला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अ‍ॅस्बेस्टॉसच्या केसमध्ये कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. त्यानंतर गोध्र्याची केस. मध्यप्रदेशातले आदिवासी क्वार्ट्झ दळायच्या युनिटमध्ये गेले आणि घरी येऊन मेले, २०१६ साली कोर्टानं २३८ जणांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्यायला गुजरातला सांगितलं. राजस्थाननं २०१९ मध्ये याच आजारांसाठी वेगळी पॉलिसी काढली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी आणि माइन्स दोन्ही अ‍ॅक्ट कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्याच्या नव्या कोडमध्ये विरघळले, तेरा कायद्यांचा एक.

नागपूरकर म्हणून एक गोष्ट टोचते. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथं, खाण सुरक्षेचं झोनल ऑफिस इथं, कोळसा आणि मँगनीजच्या सरकारी कंपन्यांची हेडऑफिसं इथं. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था १९९० ची, तीसुद्धा पुढे वाडीला अमरावती रोडवर होती, २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. एवढं सगळं रिक्षाच्या अंतरावर आणि काकांच्या लिफाफ्यावर टीबी.

शेवटी एका तरुण डॉक्टरनं तो प्रश्न विचारला. मग निदान बदललं आणि पुढचा प्रश्न आला, काम केल्याचा पुरावा काय? हजेरी कार्ड नाही, पीएफ नाही, ठेकेदार म्हणतो मी ओळखत नाही. काकूंनी ट्रंकेतून एक शाळेची वही काढली. गिट्टीचा हिशोब ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) व्हायचा, तर कोणत्या दिवशी किती ब्रास हे त्या रोज संध्याकाळी मांडून ठेवायच्या, शनिवारच्या चुकाऱ्यात फसायला नको म्हणून. मालकाचं नाव नाही, सही नाही, नुसती तारीख आणि आकडा, अकरा वर्षांचा.