ओले कपडे, पंखा आणि वादळ

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री बडोद्यात शिरली. धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी ३५ च्याही वर. मगरी लोकांच्या अंगणात. आमच्या वाडीतल्या घरात पाणी आलं नाही, पण वीज गेली, आणि पंख्याखाली वाळत घातलेले कपडे दोरीवर तसेच दमट राहिले. या कपड्यांचा पुढे उपयोग आहे.

तो पाऊस आणलेलं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं कमी दाबाचं क्षेत्र, मध्य प्रदेश, राजस्थानमार्गे जमिनीवरून आलं होतं. ते विरायला हवं होतं. पण सौराष्ट्र-कच्छवर मुक्काम ठोकून ३० ऑगस्टला ते अरबी समुद्रात उतरलं आणि चक्रीवादळ झालं. नाव ‘असना’, पाकिस्तानने सुचवलेलं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ झाल्याची त्याआधीची नोंद १९७६ ची! वादळं समुद्रावर जन्मतात आणि जमिनीवर मरतात, असं आपण शाळेत शिकलो. इथे सगळं उलटंच.

या उलट्या गोष्टीकडे नीट बघायचं तर हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचं काम उपयोगी पडतं. १९८१ मध्ये ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकवायला लागले. उष्ण कटिबंधाच्या हवामानाचा वर्ग वाट्याला आला, आणि तयारी करताना त्यांच्या लक्षात आलं, की चक्रीवादळांबद्दल आपल्याला जे शिकवलं गेलं ते आपल्यालाच पटत नाही. ढगात वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि त्यावर वादळ पोसतं, असं तेव्हा मानत. इमॅन्युएल यांचं म्हणणं, ढग हा मधला टप्पा झाला. ऊर्जा येते ती खाली, समुद्र आणि हवा जिथे भेटतात तिथून.

आता ते कपडे. पंखा जितका जोरात, तितके कपडे लवकर वाळतात, कारण वारा बाष्पीभवन वाढवतो. समजा, त्या बाष्पीभवनावरच पंखा चालत असता तर? पंखा वेग घेईल, कपडे आणखी झपाट्याने वाळतील, पंखा आणखी पळेल. १९८६ च्या शोधनिबंधात त्यांनी वादळाचं जे गणित मांडलं, त्याचा गाभा हाच. वादळ म्हणजे उष्णतेवर चालणारं इंजिन: खाली २८ अंशांचा समुद्र, वर १५-१६ किलोमीटरवर उणे ७० च्या आसपासची हवा. या फरकातून उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वाऱ्याच्या कामी लागू शकतो. आपल्या मोटारीच्या इंजिनाने लाजावं असा हिशेब नाही, पण मोटार समुद्राएवढी टाकी घेऊन फिरत नाही.

इंजिन म्हटलं की कमाल वेगही काढता येतो. १९८७ मध्ये त्यांनी हिशेब केला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर वादळांची विध्वंसक क्षमता ४० ते ५० टक्क्यांनी वाढू शकेल. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नसावं. मग ४ ऑगस्ट २००५ रोजी त्यांचा दुसरा निबंध आला: गेल्या तीस वर्षांच्या नोंदींत वादळांनी खर्चलेली ऊर्जा खूपच वाढलेली दिसते. (वाऱ्याच्या वेगाचा घन करून हे मोजतात, वेग दुप्पट तर मारा आठपट.) २९ ऑगस्टला कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि इमॅन्युएल एकाएकी वर्तमानपत्रांतले झाले. मला मात्र त्यांचं २००८ चं काम जास्त भावतं. नव्या पद्धतीने तपासलं तर तापत्या जगात वादळांची एकूण संख्या कमीही होऊ शकते असं निघालं, आणि तसं त्यांनी लिहून टाकलं. प्रसिद्धी मिळालेल्या माणसाला हे जड जातं.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रश्न घेतला, आपल्या असनाच्या जवळचा. उत्तर ऑस्ट्रेलियात काही वादळं जमिनीवर गेल्यावर पुन्हा बळावतात, ती का? जमिनीवर वादळ मरतं ते मुख्यतः इंधन तुटतं म्हणून. ढवळला गेलेला समुद्र खालची उष्णता वर देत राहतो. मातीतून मात्र उष्णता इतकी हळू येते, की वरचा थर गार झाला की संपलं. पण तापलेली वाळू पावसाने भिजली, तर तिच्यातून उष्णता भराभर वर येते. म्हणजे वादळाचा पहिलाच पाऊस पुढच्या इंजिनासाठी जमीन तयार करून ठेवतो.

असनाच्या वेळी ‘भिजलेली जमीन समुद्रासारखी वागली’ हे वाक्य आपल्याकडे बरंच फिरलं. मला ते जसंच्या तसं पटत नाही. ऑस्ट्रेलियात ती वाळवंटी, नुकतीच भिजलेली, भट्टीसारखी तापलेली जमीन होती. आपल्याकडे ऑगस्टअखेर दोन महिन्यांच्या पावसाने माती गार पडलेली असते. शेजारीच अरबी समुद्र होता आणि मान्सूनचे वारे तिथली वाफ सतत आत आणत होते. असनाच्या पंख्याचे बहुतेक कपडे दोरीवर नव्हते, समुद्रातच भिजत पडले होते.