लिंगनोंदीतील बदल, फ्रेंच नागरी संहितेतील

जन्मनोंदीत लिहिलेले लिंग व्यक्तीच्या अर्जावरून बदलून देण्याची न्यायालयीन प्रक्रिया. फ्रान्सच्या नागरी संहितेत ती कलम ६१–५ ते ६१–८ मध्ये असून १८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिनियमाने आली. स्वीडन (१९७२), प. जर्मनी (१९८०) व इटली (१९८२) यांनी असे कायदे कितीतरी आधी केले होते; फ्रान्समध्ये तोवर सारा भार न्यायनिर्णयांवर होता.

नोंद बदलण्याच्या आड येई ते एक तत्त्व : व्यक्तीची नागरी स्थिती (नाव, लिंग, पितृत्व-मातृत्व इत्यादींची कायदेशीर नोंद) तिच्या निव्वळ इच्छेने बदलत नाही. त्याचा उगम वादग्रस्त आहे. काही भाष्यकार ते जुन्या विधिपरंपरेतले मानतात. इतरांच्या मते ती विसाव्या शतकातील न्यायालयीन रचना असून संहितेचे कलम ६ (सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यांना खाजगी कराराने बगल देता येत नाही) हा तिचा आधार. हे तत्त्व संहितेत शब्दशः आढळत नाही. शिवाय दत्तकविधान व नावबदल संहितेलाच मान्य आहेत. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सर्वोच्च न्यायालयाने (कूर द कासासियाँ) १६ डिसेंबर १९७५ रोजी याच तत्त्वावर लिंगनोंदीतील बदल नाकारला. मे १९९० मध्येही त्याची भूमिका नकाराचीच राहिली. १९९१ मध्ये हेच तत्त्व उसन्या मातृत्वाच्या (सरोगसीच्या) करारांनाही लावले गेले.

कलाटणी स्ट्रासबूर्गहून मिळाली. तेथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २५ मार्च १९९२ रोजी ‘बी. विरुद्ध फ्रान्स’ खटल्यात खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरविले. फ्रान्समधील रोजच्या कागदपत्रांतून लिंग उघड होते, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा पहिलाच अंक पुरुषासाठी १ व स्त्रीसाठी २ असतो. स्त्री म्हणून वावरणाऱ्या अर्जदाराला तो १ नोकरी मागताना, धनादेश देताना पदोपदी नडत होता. त्याच वर्षी ११ डिसेंबरला फ्रेंच सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने भूमिका बदलली. मात्र वैद्यकीय व शस्त्रक्रियात्मक उपचारांची अट घातली. ही अट माणसाला आपल्या शरीराच्या मोबदल्यात कागद मिळवायला लावणारी होती. ती सुमारे पाव शतक टिकली.

२०१६ च्या अधिनियमाने पुराव्याची जागा शरीराकडून सामाजिक जीवनाकडे नेली. व्यक्ती त्या लिंगाने उघडपणे वावरते, कुटुंबात, मित्रांत वा कामाच्या ठिकाणी तशीच ओळखली जाते, तिने पहिले नाव बदलून घेतले आहे, अशा गोष्टी ग्राह्य धरल्या जातात. उपचार, शस्त्रक्रिया वा निर्बीजीकरण झालेले नाही, एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही. अर्जदार सज्ञान किंवा पालकांच्या अधिकारातून कायद्याने मुक्त केलेला अल्पवयीन असावा लागतो. निर्णयाचा शेरा मूळ जन्मनोंदीच्या समासात चढविला जातो. ६ एप्रिल २०१७ रोजी स्ट्रासबूर्गच्या न्यायालयानेही निर्बीजत्वाच्या जुन्या अटीबद्दल फ्रान्सला दोषी धरले.

कलम ६१–८ नुसार बदलापूर्वीची देणी-घेणी व आधी प्रस्थापित झालेले पितृत्व-मातृत्व अबाधित राहते. बदलानंतर जन्मलेल्या अपत्यांबाबत संहिता मौन पाळते. स्त्री-पुरुषांखेरीज तिसरी नोंद सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१७ रोजी नाकारली.