शैक्षणिक पॉडकास्ट

शिकवण्यासाठी किंवा शिकण्यासाठी तयार केलेली, भागाभागांनी प्रसिद्ध होणारी आणि सवडीने ऐकता येणारी ध्वनिमालिका म्हणजे शैक्षणिक पॉडकास्ट. वर्गातल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण, अवघड धड्यावर शिक्षकाने केलेला दहा मिनिटांचा खुलासा, विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेल्या मुलाखती हे सगळे त्यात मोडते. रेडिओची वेळ चुकली की कार्यक्रम हुकतो. पॉडकास्टचा भाग मोबाईलवर उतरवून घेता येतो आणि न कळलेले वाक्य पुन्हा ऐकता येते.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड, म्हणजे ॲपलची खिशात मावणारी ध्वनियंत्रे, वाटले. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या संगीताच्या संगणक-प्रणालीत पॉडकास्टची सोय केली आणि विद्यापीठांची व्याख्याने बाहेरच्या श्रोत्यांनाही सहज मिळू लागली.

कानाने शिकण्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे आणि तिच्यातला एक मोलाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे उभी केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळाने तो एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका आकाशवाणीला कळवायच्या, असा परिपाठ होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत दिसले, की ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्यापेक्षा मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडली. पॉडकास्ट वर्गात आणू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा निष्कर्ष ठाऊक असायला हवा.

अर्धशतकानंतर अमेरिकेत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्याच दिशेने बोट दाखवतो. काहींनी व्याख्यान वर्गात बसून ऐकले, काहींनी त्याचे पॉडकास्ट. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पॉडकास्टवाल्यांची सरासरी ७१ टक्के आली, वर्गातल्यांची ६२. मात्र ही आघाडी ऐकताना टिपणे काढणाऱ्यांची होती. नुसते ऐकणाऱ्यांना वर्गातल्यांपेक्षा विशेष लाभ झाला नाही.

म्हणून तासभराचे व्याख्यान जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करून पाठवणे हा सर्वांत दुबळा प्रकार म्हणावा लागेल. आधी दोन-तीन प्रश्न द्यावेत, भाग छोटा ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच प्रश्नांवर मुलांना बोलते करावे. विषयही पारखून घ्यावा लागतो. उच्चार, कविता, इतिहासातल्या घटना, मुलाखती कानाला चांगल्या पेलतात. भूमितीचे प्रमेय किंवा रासायनिक समीकरण समोर कागद नसेल तर हातून निसटते.

सर्वांत जास्त शिकणे घडते ते मुले स्वतः पॉडकास्ट करतात तेव्हा. आजीकडून अहिराणीतली किंवा मालवणीतली जात्यावरची ओवी ध्वनिमुद्रित करायची, तर आधी प्रश्न लिहावे लागतात, बोलीतले अडलेले शब्द विचारून घ्यावे लागतात, तासाभराच्या बोलण्यातून आठ मिनिटे निवडावी लागतात. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवताना विषय समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते. साधनसामग्री फारशी लागत नाही: साधा मोबाईल आणि चादरी-गोधड्या असलेली खोली. पत्र्याच्या छताखालच्या रिकाम्या वर्गात आवाज घुमतो.

कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्षितच राहतो. बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची मोफत व्याख्याने कर्णबधिरांना वापरता येत नसल्याची तक्रार झाली आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने ती ग्राह्य धरली. २०१७ मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती बाहेरच्या सगळ्या लोकांसाठी बंद केल्या. प्रत्येक भागासोबत लिखित प्रत देणे हाच यावरचा खरा उपाय. संहिता आधी लिहून मग ध्वनिमुद्रण केले, तर त्या प्रतीचे बरेचसे काम आधीच झालेले असते.