पार्श्वभूमी : एफएसजीएस, स्टिरॉइड आणि 16 आठवड्यांची मुदत

परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरसारख्या रुग्णालयात प्रौढ माणसाच्या किडनीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट ‘एफएसजीएस’ (किडनीच्या काही गाळण्यांत चट्टे पडण्याचा आजार) असा आला आणि तो दुसऱ्या कशामुळे झालेला नाही, मूळचाच आहे असं ठरलं, की केसपेपरवर बहुधा एकच ओळ येते : प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. 60 किलोच्या माणसाला 20 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. वजन कितीही असलं तरी 80 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि अंगावरच्या सुजेचं पाणी वजनात धरायचं नाही. मग रुग्ण हमखास विचारतो, ‘किती दिवस?’ आजचं उत्तर आहे, जास्तीत जास्त 16 आठवडे. एके काळी ते 8 आठवडे होतं. औषध तेच राहिलं, डोसही जवळपास तोच. बदलली ती वाट पाहण्याची मुदत, आणि हा बदल कसा झाला ते समजलं तर या उपचाराची ताकद आणि त्याचा कच्चा दुवा दोन्ही लक्षात येतात.

या आजारात किडनीतल्या सगळ्या गाळण्या बिघडत नाहीत. काहींमध्येच, आणि त्यांच्याही काही भागातच चट्टा पडतो. गाळणीच्या बाहेरच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांचे पाय सपाट झाले की रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळपर्यंत ती पायात उतरते. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन जायला लागलं आणि ते वर्षानुवर्षं थांबलं नाही, तर बऱ्याच जणांची किडनी डायलिसिसपर्यंत जाते. प्रोटीन पूर्ण थांबलं, किंवा निदान निम्म्याहून खाली येऊन साडेतीन ग्रॅमच्या आत राहिलं, तरी पुढचं चित्र पुष्कळ सुधारतं. हे अर्धं यशही मोलाचं असतं, हे टोरोंटोच्या रुग्णनोंदींवरून 2005 साली नीट मांडलं गेलं.

1957 साली अरनॉल्ड रिच यांनी नेफ्रॉटिक आजाराने, म्हणजे लघवीतून खूप प्रोटीन जाऊन सूज येणाऱ्या आजाराने, दगावलेल्या मुलांच्या किडन्या तपासल्या, तेव्हा चट्टे आधी आतल्या थरात, मेड्युलाला म्हणजे किडनीच्या गाभ्याला लागून असलेल्या गाळण्यांत पडतात असं त्यांना आढळलं. कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी 1951 साली सुईने किडनी बायॉप्सी करण्याची पद्धत मांडलीच होती. पण सुई वरवरच गेली तर आतला थर हाती लागत नाही. शिवाय साधा हिशेब आहे : दहातल्या एका गाळणीत चट्टा असेल आणि तुकड्यात दहाच गाळण्या आल्या असतील, तर एकही चट्टा न सापडण्याची शक्यता 35 टक्के. वीस गाळण्या आल्या तर ती 12 टक्क्यांवर येते. म्हणून ‘मिनिमल चेंज’ (प्रोटीन जातं, पण साध्या मायक्रोस्कोपखाली चट्टा दिसत नाही असा आजार) असा रिपोर्ट आलेला रुग्ण औषधाला दाद देत नसेल, तर अनुभवी डॉक्टर आधी तुकड्यात गाळण्या किती होत्या ते बघतात.

स्टिरॉइडची सुरुवात संधिवातापासून झाली. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 साली कॉर्टिसोन वापरलं, 1950 साली नोबेल मिळालं, आणि लगेच ते सूज आलेल्या किडनीच्या रुग्णांनाही दिलं जाऊ लागलं. 1955 च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आल्यावर पाणी आणि मीठ धरून ठेवण्याचा त्रास कमी झाला. पुढे मुलांसाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने वेळापत्रक बसवलं : 4 आठवडे रोज, मग 4 आठवडे अधूनमधून. बहुतेक मुलं पहिल्या महिन्यातच सुधारत, त्यामुळे 8 आठवड्यांत गुण आला नाही की ‘स्टिरॉइड लागू पडत नाही’ असा शिक्का बसे.

तोच फूटपट्टीचा हिशेब मोठ्यांना लावला गेला आणि तिथेच घोळ झाला. दोन महिन्यांत पाचातला एखादाच पूर्ण बरा होतो, म्हणून 1970-80 च्या दशकांत पुष्कळ ठिकाणी प्रौढांच्या एफएसजीएसला स्टिरॉइड द्यायचंच सोडून दिलं होतं. मग टोरोंटो, शिकागो आणि इटलीतल्या गटांनी जुन्या फायली उघडल्या. जास्त काळ औषध घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना गुण आला होता, आणि तो यायला सरासरी तीन-चार महिने लागले होते. प्रौढ रुग्णाची पोडोसाइट सावकाश सावरते, एवढाच त्याचा अर्थ.

पण या अभ्यासांना एक मोठी गोम आहे. ते मागे वळून केलेले आहेत. ज्याला थोडा फरक पडतोय किंवा ज्याला औषध सोसतंय, त्यालाच डॉक्टर पुढे चालू ठेवतात. मग जास्त काळ घेणाऱ्यांचा निकाल चांगला दिसणारच. नुसतं स्टिरॉइड विरुद्ध काहीच नाही, अशी चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी प्रौढांच्या एफएसजीएसमध्ये झालेली नाही. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत ही शिफारस ‘1डी’ दर्जाची आहे : सल्ला ठाम, पुरावा मात्र सगळ्यात खालच्या पायरीचा.

आणि 16 आठवडे म्हणजे थोडंथोडकं औषध नव्हे. 60 मिलिग्रॅम रोज या दराने 112 दिवसांत 6,720 मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून ही मुदत पुरी करायलाच हवी असं कुणी म्हणत नाही. प्रोटीन लवकर थांबलं तर किमान 4 आठवडे किंवा थांबल्यानंतर 2 आठवडे, यातलं जे जास्त असेल तेवढा काळ पूर्ण डोस, मग दर एक-दोन आठवड्यांनी 5 मिलिग्रॅम कमी, एकूण सहा महिने. आकडा जागचा हलतच नसेल आणि साखर चढत असेल, तर 16 आठवडे ताणण्यात शहाणपण नाही.

तो आकडा हलतोय की नाही, हेच इथे नीट कळत नाही. 24 तासांची लघवी गोळा करताना सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तिथून घड्याळ लावायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी मात्र कॅनमध्ये धरायची. कामावर जाणाऱ्याचे दुपारचे दोन नमुने कॅनबाहेर जातात, 4 ग्रॅमचे अडीच ग्रॅम दिसतात आणि गुण आला असं वाटतं. त्याच कॅनमधलं क्रिएटिनिन मोजलं की चोरी पकडली जाते, कारण ते रोज साधारण तेवढंच लघवीत पडतं. रविवारी गोळा करावी, हा सल्ला म्हणूनच दिला जातो.

मुंबईत हा उपचार टीबीचा विचार केल्याशिवाय सुरू करता येत नाही. छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा चाचणी पहिल्या गोळीच्या आधी करायची, कारण स्टिरॉइड सुरू झाल्यावर या चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. उपचार चालू असताना टीबी निघाला, तर दुसरी पंचाईत. रिफाम्पिसिन यकृताला प्रेडनिसोलोन झपाट्याने संपवायला लावतं. गोळ्या तितक्याच, परिणाम जवळपास अर्धा, आणि थांबलेलं प्रोटीन पुन्हा जायला लागतं. सुरुवातीलाच हिपॅटायटिस बी तपासायचा असतो, पोटातल्या जंतांचा बंदोबस्त करायचा असतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर सुजलेल्या पायाची भेगाळलेली त्वचा जंतूंना दार उघडते. लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल अशा रुग्णाने ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावं, कारण स्टिरॉइडवर ताप दबलेला राहतो.

साखरेचंही असंच. सकाळी घेतलेल्या गोळीमुळे साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बरेचदा नॉर्मलच येते. फक्त उपाशीपोटीची तपासून समाधान मानलं तर मधुमेह महिनाभर लपून राहतो. जेवणानंतर दोन तासांची बघायला हवी. मांडीच्या सांध्यात, जांघेकडे दुखायला लागलं तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यायची. गोळी बदलतानाही चूक होते : 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या जागी 6 मिलिग्रॅम डेफ्लाझाकोर्ट किंवा 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन लागतं. केमिस्टने आकडा तोच ठेवून नाव बदललं, तर डोस कमी करण्याचं सगळं गणित कोलमडतं. आणि एकदम बंद तर कधीच नाही. अनेक आठवडे बाहेरून मिळाल्यावर शरीरातली स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते.

ज्यांना स्टिरॉइड लागू पडत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट 1999 साली पक्की झाली. कॅट्रन यांच्या चाचणीत स्टिरॉइडला दाद न दिलेल्या 49 रुग्णांपैकी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालेल्यांत 70 टक्क्यांना पूर्ण किंवा अर्धा गुण आला, दुसऱ्या गटात 4 टक्क्यांना. औषध थांबवल्यावर मात्र अर्ध्याहून जास्त जणांचा आजार परतला. आता लठ्ठपणा, काबूत नसलेला मधुमेह किंवा मानसिक आजार असलेल्यांना कधी कधी सुरुवातच सायक्लोस्पोरिन किंवा त्याच गटातल्या टॅक्रोलिमसवर करतात. रक्तातली पातळी वारंवार तपासावी लागते, आणि तो खर्च गोळ्यांच्या खर्चावर वेगळा.

तोवर प्रयोगशाळांतून वेगळीच बातमी आली होती. 1998 मध्ये नेफ्रिनचं आणि 2000 मध्ये पोडोसिनचं, म्हणजे गाळणीच्या सांगाड्यातल्या दोन प्रोटीनचं, जनुक सापडलं. गाळणीचा सांगाडाच जन्मतः सदोष असेल तर स्टिरॉइड सहसा उपयोगाचं नाही. जन्मापासून एकच किडनी, लहानपणापासून लघवी उलटी किडनीकडे चढण्याचा त्रास, अती वजन यांतूनही असेच चट्टे पडतात. अशा रुग्णाच्या रक्तातलं अल्ब्युमिन बहुधा ठीक असतं, अंगाला सूज नसते. त्याला स्टिरॉइड देणं म्हणजे निव्वळ नुकसान. त्याला रक्तदाबाच्या रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातल्या गोळ्या, मीठ आणि वजन यांवरच काम करावं लागतं. आजही सगळ्यात जास्त चुका या निवडीतच होतात, कारण हा फरक दाखवणारी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी प्रत्येक बायॉप्सीची होत नाही.

उरलेल्यांमध्ये दोष रक्तातच आहे, हा संशय जुना आहे. बसवलेल्या नव्या किडनीतही तोच आजार परतल्याची नोंद 1972 साली झाली, आणि आज मूळ एफएसजीएसच्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर साधारण तिसऱ्या हिश्शाला हे होतं. मिनिमल चेंजच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडं सापडतात, एफएसजीएसमध्ये मोजक्यांच्याच. ही चाचणी रोजच्या लॅबमध्ये आली, तर 16 आठवडे कुणासाठी थांबायचं हे पहिल्या गोळीच्या आधीच काही जणांबाबत ठरवता येईल.