एकच इंजिन, दोन मापांची चाके

टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीची पाचवी पिढी २०२३ च्या मॉडेलवर्षात अमेरिकेच्या बाजारात आली. तिच्या पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या सर्व प्रकारांमध्ये दोन लिटरचे एकच इंजिन आहे आणि बॅटरीही एकच आहे. तरी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदीत 'एलई' या मूळ प्रकाराला एका गॅलनला ५७ मैल, तर 'एक्सएलई' आणि 'लिमिटेड' या महागड्या प्रकारांना ५२ मैल मिळतात. आपल्या हिशेबाने हे लिटरला साधारण २४.२ आणि २२.१ किलोमीटर झाले, म्हणजे तेवढेच अंतर कापायला महागडी गाडी सुमारे साडेनऊ टक्के जास्त पेट्रोल पिते. वरच्या प्रकारात साधने अधिक असल्याने वजन थोडे वाढते हे खरे, पण डोळ्यांना दिसणारा मोठा फरक चाकांचा आहे. एलईला १९५/६० मापाचे (म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद आणि बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के) १७ इंची टायर आहेत, तर इतरांना १९५/५० मापाचे १९ इंची.

फिरणारा टायर जमिनीला जेथे टेकतो तेथे तो चपटा होतो आणि पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. रबर ही काही आदर्श स्प्रिंग नव्हे. दाबताना त्यात घातलेली सगळी ऊर्जा ते सुटताना परत देत नाही, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो. या तोट्यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. साधारण टायरमध्ये त्याचे प्रमाण वजनाच्या एक टक्का असते, म्हणजे १४०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर चालती ठेवायला केवळ टायरांसाठी १४ किलोचा सततचा ओढ लागतो. इंधन वाचवण्यासाठी बनवलेल्या टायरमध्ये हे प्रमाण ०.७ टक्क्यापर्यंत उतरते आणि ओढ दहा किलोच्या आत येतो. शंभर किलोमीटरमध्ये या फरकातून सुमारे ४१ लाख ज्यूल वाचतात. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सव्वातीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि प्रियसचे इंजिन फार तर तिच्यातील चाळीस टक्के कामी आणते, हे धरले तर ही बचत लिटरच्या एक तृतीयांशाएवढी भरते. शंभर किलोमीटरला चार-साडेचार लिटर पिणाऱ्या गाडीसाठी हे थोडे नाही.

साध्या मोटारीत ही बचत पूर्ण हाती लागत नाही, कारण सहज घरंगळणारा टायर जी गती राखून ठेवतो तिचा बराचसा भाग पुढच्या सिग्नलला ब्रेकच्या पट्ट्यांत जळून जातो. हायब्रिडमध्ये मात्र ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि त्या गतीतला बराच भाग बॅटरीत परत जमा होतो. टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र कोणतीही मोटर परत आणू शकत नाही. टायरची निवड हायब्रिडच्या मालकाने इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यावी, ती यामुळे.

याच तर्काने रिमच्या वजनाची चर्चा मला जरा अतिशयोक्त वाटते. जड चाक फिरवायला अधिक ऊर्जा लागते, पण ती गतीच्या रूपात साठते आणि हायब्रिडमध्ये तिचा मोठा हिस्सा ब्रेक लावताना परत मिळतो. रिमचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. महामार्गाच्या वेगाला गाडीला होणाऱ्या हवेच्या विरोधातील जवळजवळ चौथा हिस्सा चाके आणि त्यांच्या कमानी यांच्यामुळे असतो, आणि मोकळ्या आऱ्यांचे देखणे अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे रिम, हवा घुसळत राहतात. एलईच्या अलॉयवर म्हणूनच प्लॅस्टिकचे झाकण बसवलेले असते. दिसायला ते बेताचेच आहे, पण काढून टाकू नये.

नवे टायर बसवले आणि ॲव्हरेज पडले, ही तक्रार हायब्रिडवाल्यांत नेहमीची आहे आणि ती बहुधा खरी असते, मात्र तीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ मिलिमीटरवर आली की वाकायला रबरच कमी उरते आणि रोलिंग रेझिस्टन्सही घटतो, म्हणजे गोटा होत आलेला टायर इंधन खरोखरच कमी खातो. दुसरी गोष्ट ओडोमीटरच्या फसवणुकीची. झिजलेल्या चाकाचा व्यास जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी होतो, ते तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारते आणि मीटर न कापलेले किलोमीटर दाखवतो. नवे टायर बसताच हा फुगवटा नाहीसा होतो. माप वाढवले तर याच्या उलट घडते. प्रियसचे १९ इंची टायर १७ इंचीपेक्षा बाहेरून १.८ टक्के मोठे आहेत, त्यामुळे एलईच्या मालकाने ते हौसेने बसवले तर खऱ्या घटीच्या जोडीला कागदावरची घटही पदरी पडेल. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला मायलेजचा आकडासुद्धा चाचणीच्या गाडीला असलेल्या टायरांवरचाच असतो, हे आपल्याकडे चाके बदलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रोलिंग रेझिस्टन्स कमी म्हणजे पकड कमी, असा जुना समज आहे आणि काळ्या कार्बनच्या भुकटीवर बनणाऱ्या टायरांबाबत तो बराचसा बरोबर होता. १९९२ मध्ये मिशेलिन या टायर कंपनीने सिलिका (वाळूत असणारे द्रव्य) मिसळलेले टायर बाजारात आणले तेव्हा हे गणित बदलले. चाकाच्या फेऱ्यांबरोबर रबर सेकंदाला दहा-पंधरा वेळा वाकते, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना खडीच्या बारीक उंचसखलपणामुळे त्याचा पृष्ठभाग सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. सिलिकाचे रबर पहिल्या हालचालीत ऊर्जा कमी गमावते आणि दुसऱ्या हालचालीत पुरेशी गमावते, आणि ही दुसरी गळतीच गाडी थांबवते. युरोपात २०१२ पासून टायरांवर दोन्ही गुणांची श्रेणी छापतात. पावसाळ्यात कोकणाचे घाट चढउतार करणाऱ्याने इंधनाची श्रेणी पाहण्याआधी ओल्या रस्त्यावरील पकडीची पाहावी, असे माझे मत आहे.

हवेचा हिशेब सोपा आहे. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त जाते, आणि तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो, टायरच्या बाजूवरचा आकडा कमाल दाबाचा असतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी आहे, त्यामुळे लांबून चालवत आणलेल्या गाडीत पंपावर तीन-चार पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर तीच हवा कमी पडेल.